पाणी पुरस्काराचा अर्ज : पहिल्यांदाच भरणाऱ्या गावासाठी

आमच्या गावाने पहिल्यांदा पुरस्कारासाठी अर्ज केला तेव्हा फायलीत दोनशेच्या वर फोटो होते. नारळ फोडतानाचे, टोपल्या उचलतानाचे, पोकलेनच्या बकेटपुढे उभ्या मंडळींचे. पाहणीला दोघे जण आले. त्यांतल्या एकाने फाइल भराभरा चाळली आणि शाळेमागच्या विहिरीकडे बोट करून विचारलं, "कामं व्हायच्या आधी, मे महिन्यात, हिच्यात पाणी किती असायचं?"

"काहीच नसायचं, साहेब," सरपंच म्हणाले.

"काहीच म्हणजे किती?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कुणी कधी मोजलंच नव्हतं. पुढचं सांगायला नको.

दुसरा अर्ज भरायला त्यानंतर तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत ठेचा खात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. मी शाळामास्तर, आता निवृत्त. इंजिनियर नाही. त्यामुळे इथलं सगळं मोजपट्टी, वही आणि चौथीच्या गुणाकारात बसतं.

आधी पुरस्कार कुठला ते बघा

पाण्याच्या कामाची जाहीर दखल घेणारे पुरस्कार बरेच आहेत, पण गावाने अर्ज करावा असे मोजकेच. सगळ्यांत मोठा म्हणजे केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाचा राष्ट्रीय जल पुरस्कार. तो २०१८ साली सुरू झाला. सहाव्या पुरस्कारांत, म्हणजे २०२४ साठीच्या, दहा गट होते: राज्य, जिल्हा, ग्रामपंचायत, नगरपालिका-महापालिका, शाळा किंवा महाविद्यालय, उद्योग, पाणी वापर संस्था, इतर संस्था, स्वयंसेवी संस्था आणि व्यक्ती. अर्ज आले ७५१, आणि विभागून दिलेले धरून विजेते ठरले ४६. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ते दिले गेले. राज्यांच्या गटात पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. म्हणून आपल्या गावाचं काम आपोआप सोपं होत नाही, हे लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीच्या गटात केरळ आणि आंध्रातली गावं फार तयारीने उतरतात.

राज्य पातळीवर 'माझी वसुंधरा' अभियान आहे. २ ऑक्टोबर २०२० पासून ते भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर गुण देतं आणि पाणी हा त्यातला एक भाग. २०२५ साली मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान आलं, त्यातही जलसमृद्ध गावाचा विषय आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्या गावाने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. तालुका आणि जिल्हा पातळीवर तपासणारी माणसं आपल्या भागातली असतात आणि चुका तोंडावर सांगतात.

एखाद्या माणसासाठी 'पद्म' हवं असेल तर ती वाट वेगळी. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं, स्वतःचंसुद्धा, आणि कामाची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायची असते. हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री मिळाली. कर्नाटकातले अमै महालिंग नाईक यांनी एकट्याने डोंगरात आडवे बोगदे खणले. पहिले कोरडे गेले, तरी खणत राहिले आणि शेवटी पाणी लागलं. २०२२ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. स्टॉकहोम जल पुरस्कार ही फार वरची गोष्ट. पण आपल्या चाळीसगावच्या माधवराव चितळ्यांना तो १९९३ सालीच मिळालाय, हे शाळेतल्या पोरांना मी हटकून सांगतो. राजेंद्रसिंहांचा त्यानंतर, २०१५ चा.

कुठलाही पुरस्कार घ्या, त्या वर्षीची जाहिरात आणि गुणांचा तक्ता छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. पाणी फाउंडेशनच्या 'वॉटर कप' या गावांच्या स्पर्धेची हीच गोष्ट मला सर्वांत आवडायची. २०१६ साली तीन तालुक्यांत ११६ गावांनी सुरुवात केली, २०१९ पर्यंत स्पर्धा चालली. वेळू, काकडदरा, टाकेवाडी आणि सुर्डी ही चार गावं ओळीने एकेका वर्षी पहिली आली. कशाला किती गुण, हे तिथे गावाला आधीच ठाऊक असायचं. त्यामुळे गाव भाषणांवर वेळ घालवत नव्हतं, चर खणत होतं.

ठराव

ग्रामसभेचा ठराव घ्या. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतलं जे कमी असेल ते. ठरावात तीनच गोष्टी असू द्या: अर्ज करायचा, नोंदी कोण ठेवणार, आणि पाण्याबद्दल गावाने स्वतःवर घातलेली बंधनं कोणती. तिसऱ्या गोष्टीवर ग्रामसभा तापेल. तापू द्या. त्याच ठरावाला पुढे वजन येतं.

विहिरीची वही

फाइल उभी राहते ती या वहीवर, म्हणून इथे जरा थांबतो.

गावातल्या पाच-सहा विहिरी निवडा. एक नाल्याकाठची, एक माथ्याजवळची, एक गावठाणातली, एक कामांच्या वरच्या बाजूची, एक खालची. ज्या विहिरींवर दिवसरात्र मोटार चालते त्या टाळा, नाहीतर तुम्ही पाणी मोजत नाही, मोटार मोजता. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एका जागी रंगाने बाण काढा. मोजायचं ते नेहमी त्याच बाणापासून.

मोजपट्टीच्या टोकाला जड नट बांधा आणि शेवटच्या अर्ध्या मीटरला खडू चोळा. पट्टी पाण्यात थोडी बुडेल इतकी सोडायची आणि बाणापाशी किती आकडा आला तो बघायचा. वर ओढल्यावर खडू जिथवर ओला झालाय तो आकडा पहिल्यातून वजा करायचा. मग कठड्याची उंची वजा करायची. समजा बाणापासून पाणी ११.४० मीटरवर आणि कठडा ०.८० मीटर, तर जमिनीखाली पाणी १०.६० मीटरवर. वहीत तीनही आकडे लिहा. फक्त उत्तर लिहिलं तर पुढच्या वर्षी कुणीतरी कठडा वजा करायला विसरतं आणि विहीर एका रात्रीत ८० सेंटिमीटरने आटते. आमची आटली होती.

वेळ पहाटेची. रात्रभर विहीर उपसली नसली पाहिजे, म्हणून आदल्या संध्याकाळी शेतकऱ्याला सांगून ठेवायचं. पहिल्यांदा मी हातात बॅटरी आणि पट्टी घेऊन कठड्यावर वाकलो तेव्हा शेजारच्या वस्तीवरच्या आजींनी आरोळी ठोकली, "गुरुजी, काय पडलं आत?" दुसऱ्या महिन्यापासून त्याच मला हाक मारून सांगायच्या, "आज नका मोजू, पोराने रात्री मोटार लावली होती."

महिने चार: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेअखेर. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच चार वेळी मोजते, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं कार्यालय असतं. आपल्या तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी तिथे मागा. "कामाआधी काय होतं" याचं उत्तर तुमच्या वहीत नसेल, तर निदान शेजारच्या शिवारातलं तरी तिथे सापडतं. आमची पहिली तीन वर्षं अशीच भरून निघाली.

प्रत्येक नोंदीशेजारी त्या वर्षीचा पाऊसही लिहा. महसूल मंडळातल्या 'महावेध' हवामान केंद्राचा चालेल, शाळेत साधा पर्जन्यमापक बसवला तर सोन्याहून पिवळं. नुसतं "पाणी वर आलं" याला काही अर्थ नाही, पाऊस जास्त झाला की पाणी सगळीकडेच वर येतं. पण ६१० मिलिमीटर पावसाच्या वर्षी मेअखेर पाणी १०.६ मीटरवर होतं आणि काम झाल्यावर ५४० मिलिमीटरच्या वर्षी ते ८.१ वर राहिलं, अशी जोडी दाखवता आली, तर पाहणीला आलेला माणूस खिशातून पेन काढतो. तिला जोड म्हणून जिथे कामं झालीच नाहीत अशा शेजारच्या शिवारातली एक विहीरही मोजत राहा. तिथे पाणी तसंच खाली आणि तुमच्याकडे वर, यापेक्षा सरळ पुरावा नाही.

किती पाणी अडलं ते खरं सांगा

पहिल्या फायलीत आम्ही लिहिलं होतं, "कोट्यवधी लिटर पाणी अडवले." तसं पुन्हा करू नका.

हिशोब असा. सलग समतल चर, म्हणजे उतारावर एकाच पातळीत खणलेला लांब चर, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल तर एका मीटर लांबीत ०.१८ घनमीटर पाणी मावतं. एक किलोमीटर चर म्हणजे १८० घनमीटर, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर. हे एकदा भरल्यावरचं. पावसाळ्यात चर तीन-चार वेळा भरत असतील तर ते वेगळ्या रकान्यात लिहा आणि कशावरून म्हणता तेही लिहा.

नाल्यात गफलत जास्त होते. समजा नाला १०० मीटर लांब खोल केला, वर १२ मीटर, तळाला ८ मीटर, खोली २ मीटर. सरासरी रुंदी १०, म्हणून १०० गुणिले १० गुणिले २, म्हणजे २,००० घनमीटर, २० लाख लिटर. सगळे इथेच थांबतात. पण बांधावरून पाणी दीड मीटरलाच ओसंडून जात असेल तर वरच्या अर्ध्या मीटरमध्ये पाणी कधी थांबणारच नाही. त्या उंचीला रुंदी ११ मीटर, सरासरी साडेनऊ, तेव्हा खरं उत्तर १,४२५ घनमीटर. तळाला उतार असेल तर त्याहूनही कमी. आपणच कमी आकडा लिहून शेजारी कारण दिलं की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

गाळाचा हिशोब ब्रासमध्ये येतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ट्रॉल्यांच्या नोंदी असतील तर जोडा. एक मात्र सांभाळा: तलावातला गाळ काढल्याने वाढलेली जागा आणि तलावाचा एकूण साठा, दोन्ही मिळवून बेरीज करू नका. तेच पाणी दोनदा मोजलं जातं. हजारो लिटरऐवजी सरकारी कागदांत टीसीएम लागतं. १ टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, १० लाख लिटर.

ताळेबंद, आणि उसाचा प्रश्न

आता नाजूक भाग. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला की १०,००० लिटर पाणी होतं. शिवार १,००० हेक्टरचं आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर गावावर ५०० कोटी लिटर पडतं. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरलं तर २,००० वस्तीच्या गावाला वर्षाला लागतं चार कोटींच्या आसपास. शंभरातला एक वाटाही नाही.

मग टँकर का लागतो? पडलेल्या पाण्यातलं बरंच वाहून जातं, बरंच उडून जातं हे खरं. पण मुरलेलं पाणी कोण खेचतं हेही बघा. पाटाने दिलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला साधारण दोन कोटी लिटर लागतं. दोन हेक्टर ऊस म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी. हे गणित मी ग्रामसभेत फळ्यावर मांडलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजींच्या नावावर ऊस नाय, म्हणून बोलतात." खरं होतं. माझ्या धाकट्या भावाच्या नावावर होता.

पण पाहणीत पाणी अडवण्याइतकंच पाणी वापरण्याकडे बघतात आणि पहिल्यांदा अर्ज करणारी गावं नेमकी इथे कोरी असतात. हिवरे बाजारचं नाव झालं ते नुसत्या चरांमुळे नाही. शेतीसाठी बोअर नको, ऊस-केळी नको, आणि दरवर्षी पावसाचा हिशोब करून मगच पिकं ठरवायची, हे गावाने स्वतःवर घालून घेतलं. त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हता, घरातल्या माणसांवर होता, आणि ऊस लावायचा नाही ही अट होती.

तुमच्या गावाला एवढं जमणार नाही, आमच्याही नाही जमलं. पण थोडं तरी जमलं असेल ते पुराव्यासह लिहा. किती हेक्टरवर ठिबक आलं, किती बोअर नव्याने पडले नाहीत, ऊस किती गुंठ्यांनी घटला. पिकांचा पुरावा सातबाऱ्यावरच्या पीक नोंदीत, म्हणजे ई-पीक पाहणीत, मिळतो. गावातल्या बोअरची यादी करताना खोलीसुद्धा लिहा. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या, पुढच्या विहिरीला खोल विहीर म्हटलंय. "टँकरमुक्त" लिहिलेल्या गावात मागच्या बाजूला ३०० फुटांचे नवे बोअर पडले असतील, तर पाहणीत ते दिसल्याशिवाय राहत नाही.

फोटो

कमी, पण एकाच जागेवरून. काम सुरू व्हायच्या आधी, चालू असताना आणि पाणी साठल्यावर, तिन्ही वेळा त्याच दगडावर उभं राहून. दगडावर रंगाने खूण करा. चौकटीत एखादं न हलणारं काही असू द्या, बाभूळ, खांब, देऊळ. अक्षांश-रेखांश आणि तारीख उमटणारं कॅमेरा अॅप फोनमध्ये टाका. कामाआधीचा फोटो नसेल तर 'गुगल अर्थ'च्या जुन्या उपग्रहचित्रांत जाऊन बघा, बऱ्याच वेळा उन्हाळ्यातला कोरडा नाला तिथे जसाच्या तसा सापडतो. पुढाऱ्यांचे फोटो एका पानावर उरका.

कागद गोळा करताना

मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, रोजगार हमीच्या कामांची पूर्णत्वाची प्रमाणपत्रं, श्रमदानाचे हजेरीपट, गाव नकाशावर कामांच्या खुणा. पंचायत समितीतून गेल्या काही वर्षांच्या टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदी मिळवा. हा कागद कुणी मागत नाही, पण तुमच्या बाजूने बोलणारा याच्याइतका दुसरा नाही.

पाण्याची गुणवत्ता विसरू नका. जलजीवनच्या तपासणी किटवर गावातल्या पाच महिलांना शिकवलेलं असतं, त्यांच्याच नोंदी वापरा. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत आणि फ्लोराइड १.५ च्या आत आहे का, ते बघा. जास्त आलं तर लपवू नका. शेणखताचे खड्डे विहिरीपासून हलवले, पिण्याच्या पाण्याचा स्रोत बदलला, असं काही केलं असेल तर ती तुमची जमेची बाजू.

लिहिणं आणि पोर्टल

राष्ट्रीय पुरस्काराचे अर्ज राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर भरले जातात. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, कारण तालुक्याच्या गावी त्याच दिवशी वीज जाते. मजकूर आधी कागदावर लिहा, आठवीच्या मुलाला वाचायला द्या आणि तो जिथे अडखळेल ते वाक्य मोडा. "लोकसहभागातून जलक्रांती" असली वाक्यं काढून टाका. त्याऐवजी "११२ घरांपैकी ९७ घरांतून किमान एक माणूस २० दिवस आला" असं लिहा, हजेरीपटात असेल तरच.

पाहणीच्या दिवशी

राष्ट्रीय पुरस्कारात छाननीनंतर निवडलेल्या अर्जांची जागेवर पडताळणी होते. ती केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय भूजल मंडळाची माणसं करतात आणि मग परीक्षक मंडळ निकाल ठरवतं. ही मंडळी आयुष्यभर बांध आणि विहिरी बघत आलेली असतात. लेझीम लावू नका, फेटे बांधू नका. चहा द्या, आणि चालायला न्या.

बोलायला सरपंचांबरोबर पाणी समितीतली एक बाई, ज्याने बोअर न घेण्याचं कबूल केलं असा एक शेतकरी आणि वही लिहिणारं पोर असू द्या. दुसऱ्या वेळी आमच्याकडे पाहुणे आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम वरचा मातीचा बांध दाखवला. आदल्या पावसात तो फुटला होता. सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, अरुंद ठेवला होता, चूक आमचीच. चांगल्या चार बांधांवर ते पाच-पाच मिनिटं थांबले होते. इथे पाऊण तास बसले, मातीचा गोळा हातात चुरून बघितला, सांडवा किती रुंद हवा ते काठीने जमिनीवर काढून दाखवलं.

निकालानंतर

निकालाला वेळ लागतो. सहाव्या राष्ट्रीय पुरस्कारांचे अर्ज २०२४ च्या ऑक्टोबरात मागवले आणि सोहळा झाला १३ महिन्यांनी. तोवर विहिरी मोजणं थांबवू नका. आम्हाला दुसऱ्या वेळी जिल्ह्यात तिसरा क्रमांक मिळाला. रकमेतून वेशीवर कमान बांधावी असं अर्ध्या गावाचं म्हणणं होतं. दोन सभा भांडणात गेल्या आणि पैसे शेवटी फुटक्या बांधाच्या सांडव्याला गेले. कमानीवाले अजून माझ्याशी जेमतेम बोलतात.

आणि फायलीच्या तीन प्रती काढा. एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक गावातल्या कुणाच्या तरी घरी. ग्रामसेवक भाऊसाहेबांची बदली झाली की कपाटाची किल्ली नव्या साहेबांकडे जाते, पण कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात बांधलाय हे जुन्यांनाच माहीत असतं, आणि ते दुसऱ्या तालुक्यात गेलेले असतात.